शेवटच्या रांगेसाठी टांगलेला नकाशा

पडदा वर जातो.

पडदा तांबड्या मखमलीचा, आता विटून विटकरी झालेला, खालच्या एका कोपऱ्याची उंदरांनी कधीतरी चव घेतलेली. आत रंगमंच मोकळा आहे. राजवाडा नाही, दिवाणखाना नाही, पुठ्ठ्याचं झाडसुद्धा नाही. फक्त मागच्या बाजूला, छतापासून सोडलेल्या बांबूला बांधलेला एक प्रचंड नकाशा. सगळं शहर त्यावर उभं केलेलं. खाली स्टेशन आणि बाजार, त्याच्या वर नदी, मग शाळा, दवाखाना, मग स्मशान, आणि पार वर, दिव्यांच्या रांगेला टेकलेली, टेकडीवरची वस्ती.

विंगेत एक माणूस दोरीची शेवटची गाठ मारतो, हात झटकतो, पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या रांगांमधून सरळ मागे चालत जातो आणि शेवटच्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीत बसतो. मान तिरकी करून बघतो. मग समाधानाने मिशीवरून बोट फिरवतो.

हे दोरीमामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळं गाव त्यांना दोरीमामाच म्हणायचं. हे सभागृह रोज संध्याकाळी नाटकांनी भरायचं त्या काळात ते इथे पडदे ओढायला लागले. जंगलाचा पडदा वर, महालाचा खाली, आणि तेवढ्यात नायिकेला रडायला वेळ मिळाला पाहिजे, असं ते काम. त्यांच्या हातून पडदा कधी अडकला नाही. एकदा नायकाची पगडी पडद्याबरोबर वर गेली होती, पण ती चूक पगडीची होती असं ते शेवटपर्यंत सांगत. पुढे नाटकं विरळ झाली, सभागृह नगरपालिकेकडे गेलं, आणि खुर्च्या-पंख्यांबरोबर दोरीमामाही नगरपालिकेकडे गेले. आता इथे सभा व्हायच्या, लसीकरण व्हायचं, बक्षीस समारंभ व्हायचे. मामांना सगळं सारखंच. लोक येणार, लोकांना दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे.

या खेपेला आली होती ती बागांची जनसुनावणी. शहरातल्या बागा, मैदानं, फिरायच्या वाटा यांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा होता, आणि तो लोकांना विचारून करायचा असं ठरलं होतं. त्यासाठी नेमलेल्या बाई तरुण होत्या, पायात कापडी बूट, केसात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल त्या दिवसभर शोधत असायच्या. मामा मनातल्या मनात त्यांना आराखडेबाई म्हणायचे.

"मामा, मागून दिसतो का हो सगळा?" बाई रंगमंचावरून ओरडल्या.

"या की, स्वतःच बघा."

बाई मागे आल्या, मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, मान तिरकी केली. "काय सुरेख दिसतोय. टेकडीवरची टाकीसुद्धा दिसते."

"शेवटच्या खुर्चीवाल्यानेही तिकीट काढलेलं असतं बाई," मामा म्हणाले. "त्याला दिसलं नाही तर आपण पडदा लावला कशाला?"

पद्धत अशी होती. येणाऱ्या प्रत्येकाला हिरव्या कागदाच्या गोल चिकट टिकल्या मिळायच्या. रंगमंचावर जायचं, नकाशावर आपली जागा शोधायची आणि जिथे बाग, मैदान, बाक, जे काही हवं असेल तिथे टिकली लावायची. बोलायचं असेल त्याने बाईंकडे बोलायचं. आठवडाभर नकाशा तसाच राहणार होता. मग टिकल्या बघून बाई आराखडा पक्का करणार होत्या.

दोरीमामांना यात रस होता, आणि त्याला कारण होतं. मामांचं घर टेकडीवर. तिथे पाण्याच्या टाकीमागे एक मैदान होतं. मैदान म्हणायचं आपलं. फाटकाला गंजलेलं कुलूप, आत गवत, पण मधली जमीन सपाट आणि टणक. कुंपणाचे दोन गज वाकलेले होते आणि त्या फटीतून टेकडीवरच्या बायका रोज सकाळी एक सायकल आत घालायच्या. शेजारची सून त्यांना सायकल शिकवायची. शिकणाऱ्यांत सगळ्यात मोठी, आणि उंचीने सगळ्यात छोटी, म्हणजे मामांची बायको.

मामी घरी कपडे शिवायच्या. दोरे, बटणं, अस्तर आणायला बाजारात उतरायचं तर बस कधी यायची, कधी नाही. आयुष्यभर त्या बसची, नाहीतर नवऱ्याच्या सवडीची वाट बघत आल्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस म्हणाल्या, "मी सायकल शिकणार." मामा हसले. त्या हसण्याची किंमत म्हणून मामांना मैदानावर पाऊल टाकायला बंदी झाली.

आता कचऱ्याच्या गाड्या उभ्या करायला नगरपालिकेच्या वाहन विभागाने तेच मैदान मागितलं होतं. आराखड्यात ते मैदान म्हणून लागलं तर वाचणार, नाहीतर पुढची वीस वर्षं तिथे गाड्या. टेकडीवर दुसरी सपाट जागा नाही.

"येऊन टिकली लावून जा," मामांनी मामींना बजावलं. "सगळ्याजणी या."

"आणि तुम्ही?"

"मी तिथला नोकर माणूस. मी लावली तर कुणीतरी म्हणेल, घरचं कार्य उरकून घेतलं."

आठवडाभर माणसांची नुसती रीघ लागली. मामा दाराशी उभे राहून टिकल्या वाटायचे, खुर्च्या सरकवायचे, मध्येच चहा सांगायला पळायचे. एक आजोबा आले, ते म्हणाले, "बाकाला पाठ असू द्या. बिनपाठीच्या बाकावर बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." जुळ्या मुलींची आई म्हणाली, "झोपाळा द्याल तर दोन द्या. एक दिलात तर मला तिथे पोलीस बसवावा लागेल." एक गृहस्थ हातात किल्ली फिरवत आले. "बागा कसल्या करताय? मी गाडी कुठे लावू ते सांगा आधी."

"आधी टिकली लावा साहेब," मामा म्हणाले. "गाडीचं बाई बघतील." गृहस्थांनी टिकली लावली आणि मग बाईंशी चांगले अर्धा तास भांडले. जाताना मात्र ते खुशीत होते. आपलं कुणीतरी लिहून घेतलं, एवढ्यानेही माणूस खूश होतो.

बाजारातले घड्याळजीही आले. ते दुकान बंद करून सहसा कुठे जात नसत. रंगमंचावर चढले, चष्मा बदलला, टाचा उंचावल्या आणि स्मशानाच्या कोपऱ्यावर एक टिकली नीट दाबून बसवली. बाकीच्या परत दिल्या. "मला एकच जागा हवी आहे," म्हणाले, आणि गेले.

शेवटच्या दिवशी सभागृह रिकामं झाल्यावर बाई नकाशासमोर उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. मामा झाडू बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी आले.

खालचं शहर हिरवंगार झालं होतं. बाजारात टिकल्या, नदीकाठी टिकल्या, शाळेभोवती तर गोवर आल्यासारख्या. आणि सगळ्यांत दाट, एकीवर एक चढलेल्या, स्मशानावर. टेकडी मात्र कोरी. एकही टिकली नाही.

"स्मशानात इतक्या लोकांना काय हवं असेल?" बाई पुटपुटल्या.

हिशेब तपासायला आलेले कारकून म्हणाले, "शांतता. शहरात दुसरीकडे मिळते कुठे?"

मामांनीही आपलं मत दिलं, आणि अगदी ठासून दिलं. "बाई, तिथे पोचवायला आलेल्या माणसांना बसायला जागा नाही. उन्हात तासन्‌तास उभी असतात. लोक बोलत नाहीत, पण मनात ठेवतात."

बाईंना ते पटलं. त्यांनी पेन्सिल शोधून लिहून घेतलं. मग टेकडीकडे बघून म्हणाल्या, "आणि इथून काहीच मागणी नाही. मला वाटलं होतं, टाकीमागच्या मैदानासाठी लोक येतील. एकही टिकली नसेल तर मी वाहन विभागाला कोणत्या तोंडाने नाही म्हणू, मामा? मंगळवारी आराखडा द्यायचा आहे."

मामांनी परत झाडू उचलला. त्यांचं डोकं तापलं होतं. आपली माणसं, आपलीच वस्ती, आणि कुणाला उतरून यायला सवड नाही.

ते तणतणतच घरी गेले. मामी मशीनवर बसल्या होत्या.

"तुमच्या सायकलीला आता रामराम करा," मामा चपला काढता काढता म्हणाले. "एक टिकली लावायला सांगितलं होतं. तेवढंही झालं नाही तुमच्याने."

मामींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "कुणी सांगितलं? बुधवारी आलो होतो आम्ही सगळ्या. दुपारची जेवणं टाकून आलो."

"मग मी कसं नाही पाहिलं?"

"तुम्ही कुठे होतात? चहा सांगायला गेला होतात. तुमचा चहा म्हणजे गप्पांसकट."

"आणि टिकल्या लावल्यात?"

"लावल्या की."

"कुठे लावल्यात? टेकडीवर एक नाही."

मामींनी कापड मशीनमधून बाहेर ओढलं. मग दोऱ्याचं टोक दाताने तोडून म्हणाल्या, "हात पोचला तिथे लावल्या. तुमची ती टेकडी कुठे टांगलीय, बघितलंत का? पार छताला. शेजारच्या सुनेने उड्या मारून पाहिल्या, तिचाही हात पोचेना. माझा तर स्मशानापर्यंत जेमतेम गेला. म्हटलं, चला, इथपर्यंत आलोय तर आलोय."

"अगं, मग स्टूल मागायचं."

"मागणार होते. पण आमच्या आधीच्या बायकांनीही तिथेच लावल्या होत्या. मला वाटलं, तशीच पद्धत असेल. वरच्या लोकांनी खाली लावायच्या आणि मग तुम्ही त्या वर सरकवणार. घरचा माणूस आहे म्हणून निर्धास्त होते मी."

मामा पलंगावर बसले. जेवायला उठले, जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. नाटकातला पडदा शेवटच्या रांगेला दिसावा म्हणून उंच लावतात, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. पण नाटकातल्या पडद्याला कुणी हात लावत नाही. लोक जंगल लांबून बघतात आणि टाळ्या वाजवून घरी जातात. हा नकाशा हात लावायचा होता, आणि तो त्यांनी बघायला टांगला होता.

सकाळी ते सभागृहात सगळ्यांच्या आधी पोचले. दार आतून लावलं, शिडी आणली, नकाशाला टेकवली. काम सोपं होतं. स्मशानावरच्या टिकल्या काढायच्या आणि वर टाकीमागे लावायच्या. कुणाला कळणार नव्हतं. मंगळवारी बाई आराखडा देणार, मैदान वाचणार, मामी सायकल शिकणार. पाप कसलं त्यात? आपली चूक आपणच निस्तरायची.

मामांनी नखाने एक टिकली सोडवली. ती बोटाला चिकटली. शिडीवर एक पाय ठेवला आणि त्यांना घड्याळजी आठवले. चष्मा बदलून, टाचा उंचावून, एकच टिकली लावून गेलेले. त्यांची बायको गेल्याला फार दिवस झाले नव्हते. संध्याकाळी ते तिथे गटाराच्या कडेला बसलेले असत, हे मामांनी येता-जाता पाहिलं होतं. माणूस दुकान बंद करून स्मशानात एक बाक मागायला आला होता. आता ही बोटाला चिकटलेली टिकली त्यांची, की शेजारच्या सुनेची? ते टिकलीवर लिहिलेलं नव्हतं.

मामांनी ती होती तिथे परत दाबून लावली. मग दाराची कडी काढली आणि पहिल्या रांगेत बाईंची वाट बघत बसले. या सभागृहात ते पहिल्या रांगेत पहिल्यांदाच बसले होते.

बाई आल्या. मामांनी काही आडपडदा ठेवला नाही. उंचीचं सांगितलं, बायकांचं सांगितलं, शिडीचंसुद्धा सांगितलं. "नकाशा मी टांगला, बाई. टेकडी कोरी राहिली ती माझ्यामुळे. वरिष्ठांना जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

बाई रंगमंचावर गेल्या. हात वर केला. त्या चांगल्या उंच होत्या, त्यांचा हात टेकडीच्या पायथ्याला लागला. त्या वळल्या, तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "आणि आपण इथे उभं राहून शांततेवर व्याख्यानं देत होतो."

"मी तर जास्तच दिलं," मामा म्हणाले.

"मामा, तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून मीच म्हटलं होतं ना, सुरेख दिसतोय? मग दोघांच्याही नावावर लिहू." त्यांनी केसातली पेन्सिल काढली, परत खोचली. "आज शनिवार. उद्याचा दिवस आहे. हा नकाशा काढता येईल का?"

"काढीन. कुठे लावायचा?"

"कुठेच नाही लावायचा. टेकडीवर नेऊन जमिनीवर अंथरायचा."

मामांनी आयुष्यात कधी पडदा जमिनीवर ठेवला नव्हता. पडद्याला धूळ लागली तर मॅनेजर पगार कापायचा. तरी रविवारी सकाळी त्यांनी नकाशा गुंडाळून टेम्पोत घातला. टाकीशी पोचल्यावर फाटकाला गंजलेलं कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. शेवटी मामांनी वाकलेल्या गजांच्या फटीतून नकाशाची गुंडाळी आत सरकवली आणि मागोमाग आपणही पोट आत ओढून शिरले. बंदी मोडली ती अशी.

मैदानाच्या मधोमध शहर पसरलं. चार कोपऱ्यांना दगड ठेवले. वारा मध्येच बाजार उचलून धरायचा, तर मामा धावत जाऊन बाजारावर बसायचे. टेकडीवरची माणसं चपला काढून नकाशावर चालायला लागली. आपलं घर सापडलं की लहान-मोठे सगळे तिथेच फतकल मारून बसायचे. एक म्हातारी नदीवरून उठेचना. तिचं माहेर तिथे होतं. सभागृहात येऊ न शकलेल्यांसाठी मामांनी वेगळ्या टिकल्या ठेवल्या होत्या, आणि ज्यांची आधी लावलेली चुकली होती त्यांनी बाईंसमोर ती स्वतः काढून योग्य जागी लावली. स्मशानावरची गर्दी हळूहळू उठून टाकीमागे आली. सगळी नाही. ज्या टिकल्या घ्यायला कुणी आलं नाही त्या तिथेच राहिल्या, आणि बाईंनी तिथे दोन बाक लिहिले, पाठ असलेले.

मामी सगळ्यांत शेवटी आल्या, त्याही सायकलवरून. घरापासून मैदानापर्यंत पहिल्यांदाच. हँडल डावी-उजवीकडे जात होतं, चेहरा चोर पकडायला निघाल्यासारखा गंभीर. कुंपणाशी त्यांनी ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि मामांकडे बघितलं.

मामा हसले नाहीत. त्यांनी फटीतून हात पुढे करून सायकल आत घेतली, आणि हातावर एक टिकली ठेवली.

मामींनी नकाशावर गुडघे टेकले, स्मशानावरची आपली टिकली काढली आणि ही टाकीमागे लावली. "आता कसं," म्हणाल्या. "तुमच्या थेटरात मानच मोडायची."

पुढे मंगळवारी आराखडा गेला, आणि महिनाभराने त्याची शेवटची सभा त्याच सभागृहात भरली. रंगमंचावर समितीचं टेबल, अध्यक्ष मध्ये, बाई कडेला. समोर लोक. टेकडीवरच्या बायका तिसऱ्या रांगेत एकमेकींना चिकटून बसलेल्या. दोरीमामा नेहमीप्रमाणे विंगेत, माइकच्या बटणाशी.

एकेक जागा वाचून झाली. टाकीमागचं मैदान आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ही जागा मैदान म्हणूनच राहील. वाहन विभागाला दुसरीकडे पाठवलंय." तिसऱ्या रांगेत कुजबुज झाली. अध्यक्षांनी हात वर केला. "मात्र कुंपण दुरुस्त करावं लागेल, फाटकाला नवीन कुलूप लागेल. आणि ते रोज उघडायला-लावायला आमच्याकडे माणूस नाही. नवीन भरती इतक्यात होणार नाही. तोपर्यंत मैदान बंद राहील."

"म्हणजे आत्ता फटीतून तरी जाता येतंय," मामी जागेवरून म्हणाल्या, "तेही गेलं. मग आम्ही शिकायचं कुठे?"

अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कागदाकडे बघितलं. आराखडा वीस वर्षांचा होता आणि अडलं होतं एका किल्लीपाशी. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. ही शांतता मामांना ओळखीची होती. नटाला वाक्य आठवत नाही आणि सगळे विंगेकडे बघतात, ती.

मामा विंगेतून बाहेर आले. इतक्या वर्षांत या रंगमंचावर त्यांनी लोकांसमोर पाऊल टाकलं नव्हतं. दिवे डोळ्यांवर आले, म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला. माइक दोन पावलांवर होता, पण ते त्याच्याकडे गेले नाहीत. आवाज मागेपर्यंत कसा पोचवायचा, हे ते भल्याभल्यांकडून ऐकून ऐकून शिकले होते.

"पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे द्या. सकाळी मी उघडीन, आणि संध्याकाळी सगळे बाहेर पडले का ते बघून मगच लावीन."